ब्रेक कुणी दाबला

नळदुर्गच्या मोंढ्यात धोंडप्पांच्या अडतीवर बोलणं कुठल्याही विषयावर निघो, शेवटी ते धोंडप्पांच्या ड्रायव्हिंगवर येऊन थांबायचं. म्हणजे धोंडप्पाच ते तिथं आणून थांबवायचे. जळकोटच्या वळणावर एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला चिंचेचं झाड असताना मधून आपण जीप कशी काढली, ही गोष्ट हमालांना इतकी पाठ झाली होती की धोंडप्पा दम खायला थांबले तर पुढचं वाक्य हमालच सांगून टाकायचे. त्यात ट्रक दर वर्षी थोडा मोठा होत होता आणि फट थोडी लहान होत होती, हे धोंडप्पांनाही ठाऊक होतं. पण ऐकणारे तक्रार करत नव्हते, मग आपण कशाला करायची?

साठी उलटल्यावर मात्र घोटाळा झाला. पाय उशिरा निघायला लागला. समोरची वस्तू डोळ्याला दिसायची, डोक्याला कळायची, आणि पायाला निरोप पोचेपर्यंत ती वस्तू बोनेटला येऊन टेकलेली असायची. आधी मळ्याचं फाटक टेकलं, मग बांधावरची बाभूळ. बाभळीबद्दल धोंडप्पांनी घरात सांगितलं की ती पूर्वी तिथं नव्हतीच.

पुण्याहून लेकीचा, शिवांजलीचा, फोन आला. "अप्पा, आता किल्ली ठेवा. ड्रायव्हर ठेवा एखादा."

ह्या एका गोष्टीला धोंडप्पा खरोखर भीत होते. किल्ली गेली की माणसाचं सामान होतं, असं त्यांना वाटायचं. कुणीतरी आणून ठेवतं, कुणीतरी उचलून नेतं, आणि मधल्या वेळात गप बसायचं. त्यांनी लेकीशी आठवडाभर भांडण केलं, दोन दिवस जेवणावर राग काढला, आणि शेवटी तडजोड झाली. समोर काही आलं की आपोआप ब्रेक मारणारी नवी गाडी घ्यायची. तीही कुठं आपटली, तर किल्ली शिवांजलीच्या आईच्या हातात द्यायची.

गाडी आली. ऐटबाज, उंच, पांढरीशुभ्र. विकणाऱ्या पोरानं समजावलं, "काका, पुढच्या चिन्हामागं रडार आहे, काचेवर वर कॅमेरा आहे. समोर माणूस, गाडी आली आणि तुम्ही थांबला नाहीत, तर ही थांबते. पण हे मदतीला आहे, भरवशावर राहू नका." ह्यातलं पहिलं धोंडप्पांनी कान देऊन ऐकलं. दुसरं बोलणं चालू असताना ते सीट मागं-पुढं करून बघत होते.

आणि ती थांबायची! उसाच्या ट्रॉलीतून लोंबणारं वाढं दिसलं की थांबायची. वाऱ्यानं उडालेलं खताचं रिकामं पोतं दिसलं की थांबायची. एकदा तर हमरस्त्यावर पुढं चिटपाखरू नसताना असा काही ब्रेक लागला की मागचा टमटमवाला खाली उतरून धोंडप्पांच्या सात पिढ्यांची चौकशी करायला लागला. सोलापूरला दाखवलं, तर तिथल्या माणसानं कॉम्प्युटर लावून सांगितलं, की बिघाड काही नाही, जरा जास्त सावध आहे इतकंच. धोंडप्पा तिला "भित्री" म्हणायला लागले. तिच्या पडद्यावर लाल अक्षरं यायची, टूंटूं वाजायचं, आणि धोंडप्पा तिला गुरासारखं हाकायचे, "चल गं, काय न्हाय तिथं."

मग तो फाट्यावरचा प्रकार झाला.

मार्गशीर्षातली सकाळ होती. धोंडप्पा आणि त्यांची बायको महादेवी तुळजापूर रोडनं एका लग्नाला निघाले होते. धोंडप्पांना गाडी चालवताना दुसऱ्यांच्या शेतातली तूर बघायची खोड होती. अडत्याचा डोळा, शेंग किती भरली हे रस्त्यावरून सांगायचा. फाट्यावर एसटी उभी होती आणि डाव्या अंगाला कुणाची तरी तूर अशी झकास लगडलेली होती की धोंडप्पांची मान तिकडं वळली ती वळलीच. एसटीच्या पुढून शाळेची एक पोरगी दप्तर सांभाळत पळत रस्त्यावर आली. गाडी किंचाळली, खाडकन थांबली, धोंडप्पांचं कपाळ स्टिअरिंगला टेकता टेकता राहिलं. पोरगी बोनेटपासून हातभर लांब उभी होती, रडत.

माणसं धावली. पोरगी निघाली गौरीशंकरची पुतणी. गौरीशंकर म्हणजे नळदुर्गचा होतकरू पुढारी. वाढदिवस कुणाचाही असो, फलकावर फोटो त्याचा. तो मोटारसायकलवरून येऊन धोंडप्पांच्या पायाच पडला.

"अप्पा, काय ब्रेक मारलाव! दुसरा कुणी असता तर पोरगी गेली असती हातची."

धोंडप्पांच्या जिभेवर खरं आलं होतं. अगदी टोकावर आलं होतं. पण इतकी माणसं हात जोडून बघत असताना 'मी तूर बघत होतो' हे सांगायला तोंड उघडेना. त्यांनी रुमालानं घाम पुसला आणि म्हटलं, "आता इतक्या वर्षांचा हात हाय. पाय आपोआप जातो." महादेवी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

गौरीशंकर गप बसणारा नव्हता. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम त्याला घ्यायचाच होता, आता त्याला सत्कारमूर्ती मिळाला. बाजाराच्या मैदानाबाहेर फलक लागला. त्यावर धोंडप्पांचा लग्नातला फेटेवाला फोटो आणि खाली 'सारथ्यसम्राट'. धोंडप्पा तीन वेळा कामाचं निमित्त काढून त्या रस्त्यानं गेले. शिवांजलीचा फोन आला, "अप्पा, मला खरंच अभिमान वाटला. मी उगीच किल्लीच्या मागं लागले होते." ते ऐकून धोंडप्पांना इतका आनंद झाला की खोटं आपण कधी बोललो हेही ते विसरून गेले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी गौरीशंकरनं नवीनच काढलं. सत्कारानंतर अप्पांनी प्रात्यक्षिक दाखवायचं. मैदानात बुजगावणं उभं करायचं, अप्पांनी जोरात यायचं आणि त्याच्यासमोर तसाच ब्रेक मारायचा. आपला पाय धोंडप्पांना ठाऊक होता. पण गाडीही ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात जाऊन त्यांनी बुजगावण्यापुढं गुपचूप गाडी सोडून पाहिली. पाय पोटाशी घेऊन बसले. गाडी सुरेख थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. धोंडप्पांनी बोनेटवर थोपटलं आणि इतके महिने हिला भित्री म्हटल्याबद्दल मनातल्या मनात क्षमा मागितली. मग हवा कमी वाटली म्हणून बसस्थानकाजवळच्या बब्रुवानच्या गॅरेजात नेली. बब्रुवानला गॅरेज काढून वर्षही झालं नव्हतं. त्यानं एक चाक खोलून पंक्चर काढलं, गाडी धुतली, आणि अप्पांची गाडी म्हणून टायरलाही काळं पॉलिश मारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी महादेवीनं गाडीची पूजा केली. घरात नवी वस्तू असो की नवी सून, विभूती लागल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिनं तीन बोटं विभूतीत बुडवून पुढच्या चकचकीत चिन्हावर जाड पट्टे ओढले, वर हळदीकुंकवाचा लपका दिला. मैदानात गौरीशंकरनं जेसीबी आणला होता. जेसीबीच्या सोंडेतून झेंडूचा हार उतरला तो गाडीचं सगळं तोंड झाकून जमिनीला टेकला. वरच्या काचेवर कार्यकर्त्यांनी 'सत्कारमूर्ती' लिहिलेली रुंद पट्टी मधोमध चिकटवली. रडारही गेलं आणि कॅमेराही गेला, आणि दोन्ही इतक्या प्रेमानं गेलं की कुणाला दोष देणार? पडद्यावर पिवळं काहीतरी उमटलं होतं. पण गाडी रोजच काही ना काही म्हणायची. सारथ्यसम्राटानं तिकडं लक्ष दिलं नाही.

बुजगावण्याला जुनं धोतर आणि टोपी घातली होती. त्याच्यामागं कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग, आणि मैदानाच्या दोन्ही कडांना सगळं नळदुर्ग. धोंडप्पांनी गाडी सोडली. शिट्ट्या झाल्या. बुजगावणं जवळ आलं. धोंडप्पांनी सवयीनं पाय आखडून घेतला आणि चेहऱ्यावर सत्कारमूर्तीला शोभेल असं हसू आणलं.

टूंटूं वाजलं नाही.

बुजगावणं इतकं जवळ आलं की त्याच्या टोपीचा मळ दिसला. तेव्हा धोंडप्पांनी पायाला हाक मारली. पाय निघाला, पण नेहमीसारखाच निघाला. बुजगावणं बोनेटवर बसलं, काचेला नाक लावून धोंडप्पांकडं बघितलं, आणि दोघंही कडब्यात शिरले. स्टिअरिंगमधली पांढरी एअरबॅग फुगून धोंडप्पांच्या तोंडावर बसली, आणि सगळीकडं झेंडूच झेंडू झाला.

लागलं कुणालाच नव्हतं. माणसांनी दार ओढून धोंडप्पांना बाहेर काढलं. टोपीत कडबा, मिशीत पांढरी पूड. आता हसतील, असं त्यांना वाटलं. पण एकही माणूस हसला नाही. सारथ्यसम्राटाचा हात चुकेल हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"ब्रेक फेल!" कुणीतरी ओरडलं, आणि मैदानभर तेच झालं. "ब्रेक फेल झाला! अप्पा थोडक्यात वाचले!"

महादेवीच्या हातातला फोन वाजला. शिवांजलीनं पुण्यात बसून फोनवरच्या थेट प्रक्षेपणात सगळं बघितलं होतं. "आई, अप्पांना दे. अप्पा, लागलं नाही ना? गाडीच खराब निघाली, तुमचा काय दोष! किल्लीचं मनात आणू नका."

धोंडप्पांच्या जिवात जीव आला. सुटलो, असं त्यांना चक्क वाटलं, आणि कंपनीला दोन शिव्या देण्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काल चाक कुणी खोललं व्हतं?"

"बब्रुवाननं!"

"चाक खोललं म्हंजे ब्रेकला हात लागला की!"

बब्रुवान तिथंच होता, प्रात्यक्षिक बघायला मुद्दाम गॅरेज बंद करून आला होता. त्याची कॉलर एकाच्या हातात गेली. "म्या फक्त पंक्चर काढलं, देवाशपथ," तो म्हणत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. गौरीशंकर गरजला, "अप्पाच्या जिवावर उठलास? तुजं गॅरेज उद्या दिसायचं न्हाय इथं." दोघं-तिघं गॅरेजचा फलक उखडायला निघालेही.

धोंडप्पांना स्वतःची शिसारी आली. हे त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही, पण आली. ते गर्दीत घुसले आणि बब्रुवानच्या कॉलरवरचा हात ओढून काढला.

"सोडा त्याला. ब्रेक फेल न्हाय झाला. म्या दाबलाच न्हाय."

फलक उखडायला निघालेले दोघं-तिघं मागं वळले.

"ऐका नीट. म्या ब्रेक दाबला न्हाय. गाडी थांबल म्हणून बसलो व्हतो. आन् त्या दिवशी फाट्यावरबी म्या दाबला नव्हता. तवा गाडीनं दाबला. म्या तूर बघत व्हतो."

गौरीशंकरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं धोंडप्पांचा हात वर धरला. "बघा! गरिबाचं पोट वाचवायला हा माणूस स्वतःवर घेतोय! असलं मन कुठं बघायला मिळतं?"

"आरं, मन न्हाय, खरं सांगतोय..."

"अप्पा, बास. एका शब्दानंही बोलू नका." आणि सत्कारातून उरलेली एक शाल धोंडप्पांच्या खांद्यावर पडली. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. बब्रुवानही टाळ्या वाजवत होता. धोंडप्पांनी आणखी दोघांना पकडून सांगून पाहिलं, तर त्यांनी वाकून नमस्कार केला. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा सगळ्यांना पटल्या, आणि आज एक खरं बोललो तर कुणी घेईना, म्हणून धोंडप्पा हताश होऊन कडब्यावर बसले.

महादेवी शेजारी येऊन त्यांच्या मिशीतली पूड पदरानं पुसायला लागली.

"तू तरी इश्वास ठेव. म्या तूर बघत व्हतो."

"मला म्हाईत हाय. म्या शेजारीच नव्हते का?"

"मग येवढे दिवस बोलली का न्हाईस?"

"तुमी लई खूश व्हताव," ती म्हणाली. "किती वर्सांनी."

मैदानात सत्कारमूर्तीनं रडणं बरं दिसत नाही म्हणून धोंडप्पांनी टोपीतला कडबा काढायचं काम उगीचच लांबवलं. आता किल्ली मागणारं जगात कुणी उरलं नव्हतं. लेकीनं माफ केलं होतं, गावानं डोक्यावर घेतलं होतं, बायको मागणार नव्हती. पण किल्ली खिशात टोचत होती.

गर्दी पांगली. पोरांनी गाडी कडब्यातून ढकलून काढली. तोंड चेपलं होतं, पण बटण दाबलं तर चालू झाली. बब्रुवाननं खाली वाकून चाकं बघितली आणि म्हणाला, "अप्पा, हळूहळू न्या मळ्यावर, काय होत न्हाय."

धोंडप्पांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "तूच ने. आन् उद्यापासून गॅरेज उघडायच्या आधी मला मोंढ्यात सोडत जा."

"आज जाऊ द्या, पर रोज कशाला, अप्पा? तुमच्यासारखा हात..."

"गाडी चालव," धोंडप्पा म्हणाले, आणि दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. महादेवी मागं बसली.

गाव संपताना गतिरोधक आला. बब्रुवाननं ब्रेक दाबायच्या आधी धोंडप्पांचा उजवा पाय खालच्या चटईवर गच्च दाबला गेला. पुढं कुत्रं आडवं आलं, पाय पुन्हा वेळेवर गेला. वळणावर शेळ्या होत्या, तिथं तर बब्रुवानच्या चांगलाच आधी. धोंडप्पा आपल्या पायाकडं बघतच राहिले.

"पाय दुखतोय का वं?" महादेवीनं मागून विचारलं.

"न्हाय," धोंडप्पा म्हणाले. "आता कुठं वेळेवर निघायला लागलाय."