माझं शेवटचं पान

पान १

मी दोऱ्यानं शिवलेली एक जुनी फाईल आहे, मित्रांनो, आणि माझं शेवटचं पान कोणी उलटलं की आजही मला धडकी भरते.

हालापा शहराच्या वरिष्ठ न्यायालयात फायली शिवणाऱ्या सेलेरिनोनं आरीनं भोकं पाडून मला शिवलं. माझ्यात एका बाईचा निकाल होता: म्हणणं ऐकल्याशिवाय कोणालाही राहत्या घरातून काढू नये. मधे उलटा निकाल न येता असा निकाल पाच वेळा, तिन्ही न्यायाधीशांच्या एकमतानं लागला, की खालच्या प्रत्येक न्यायाधीशाला तो पाळावाच लागतो. तोवर पाळला तर पाळला. सचिव युरिदियाबाईंनी मला चौथी मोजलं. पुढे पाचवीही आली. सगळ्यांनी आमचं कौतुक केलं.

पान ६१

हेच माझं शेवटचं पान; इथे माझी भीती राहते. तिसऱ्या न्यायाधीशांचा विरोध याच पानावर आहे. युरिदियाबाईंनी फक्त निकालाच्या ओळी वाचल्या होत्या.

पान ६१, पुन्हा

ओतिलिया बाजारात तमाल, म्हणजे मक्याच्या पानांत बांधून उकडलेले पिठाचे गोळे, विकायची. नवरा गेल्यावर दिरानं तिच्या घरावर दावा लावला, आणि तिला न बोलावताच घर खाली करायचा हुकूम निघाला. तिनं हरकत घेतली, तेव्हा खालच्या न्यायाधीशानं आम्हा पाच जणींना मागवलं. माझा दोरा कुजला होता. सेलेरिनोनं मला उसवलं.

ओतिलिया त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून ती त्याला कोमपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. बाहेरच्या बाकावर टोपली घेऊन ती बसली होती. सकाळीच म्हणाली होती, "कोमपाद्रे, नीट शिव. तुझ्या टाक्यांवर माझं छप्पर आहे."

"तुझे तमाल सुटतात, कोमाद्रे. माझे टाके नाही."

आणि आता ते पान त्याच्या हातात आलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं. दोन बोटं आत टाका घातला असता, तर पान शिवणीत गडप झालं असतं. सुई तिथे टेकली. खरं सांगते, मित्रांनो, मलाही वाटत होतं, शिवून टाक.

त्यानं सुई काढली. पान युरिदियाबाईंना दाखवलं, मग बाकाशी गेला.

"कोमाद्रे, पाच नाहीत. चारच आहेत."

"एक पान दडवता आलं नसतं तुला?"

"आलं असतं."

तिनं टोपली त्याच्याकडे सरकवली. "खा. गार होतायत."

नवं पान

चार निकाल पाळायची सक्ती नव्हती; घर गेलं. आठ महिने ती बहिणीकडे राहिली. मग तिचं गाऱ्हाणं आमच्याच तिघा न्यायाधीशांपुढे आलं. दोघांनी तिच्या बाजूनं सही केली. तिसऱ्यांनी मला मागवलं आणि नेमकं शेवटचं पान उघडलं. माझी पानं गारठली.

ते हळूच म्हणाले, "या फाईलमधल्या बाईंना बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत. म्हणून माझा विरोध होता. हिला तर कोणी बोलावलंच नाही."

त्यांनी सही केली.

ओतिलियाचीच फाईल खरी पाचवी ठरली. ती सेलेरिनोनं शिवली, आणि किल्ली परत मिळालेली ओतिलिया शेजारी बसून टाके मोजत होती.

मी कुठल्याच मोजणीत नाही. पण मित्रांनो, आम्हाला मोजण्याआधी शेवटपर्यंत वाचा. तिची फाईल माझ्यावरच ठेवलेली असते. तिचं शेवटचं पान कोणी उलटलं, की खाली मी अजून श्वास रोखून धरते.