चाखण्याआधीचा सॉस

मी एक जुनी चपटी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका, माझ्यात दारू नाही. कधीकाळी रम होती हे खरं, पण गेली चाळीस वर्षं माझ्या पोटात टोमॅटोचा सॉसच असतो. क्लाइव्हआजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात मी राहते. आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे आणि ती सांगताना मला फार लाज वाटते आहे.

तरुणपणी आजोबा मेंढ्यांची लोकर कातरायला गावोगाव फिरायचे. कातरणाऱ्यांच्या टोळीचा आचारी मटण असं शिजवायचा की त्यापेक्षा चपलेचा तळ बरा. वैतागून आजोबांनी मला गरम पाण्याने धुतलं आणि सॉस भरला. मग काय विचारता! जेवायला बसलं की सगळे ओरडायचे, "क्लाइव्ह, चपटी काढ!" अंडी, बटाटे, एकदा तर कुणाच्या लग्नातलं जेवण, सगळ्यावर माझा सॉस पडला. माझ्यावाचून अन्नाला चवच नाही असं मला वाटू लागलं. गर्वाचं घर खाली असतं हे तेव्हा मला कोण सांगणार?

आजोबांचा मुलगा ग्रँट याने सिडनीतल्या एका लेबनीज कुटुंबातल्या नजवाशी लग्न केलं. ती सासऱ्यांना 'अम्मो' म्हणते, म्हणजे काका. गेल्या वर्षी तिने आमच्या मेरिगल गावात, बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत, लेबनीज हॉटेल काढलं. गाव लांबूनच बघत होतं. "सगळ्यात लसूण असतो म्हणे," शेजारची बेरिल म्हणाली. "आधी क्लाइव्हला खाऊ दे. तो जगला तर आपण जाऊ."

पहिल्या शुक्रवारी दुपारी नजवाने आजोबांना मधल्या टेबलावर बसवलं. बेरिल आणि आणखी पाचसहा जण नुसती कॉफी घेऊन बसले होते. हॉटेल चालणार की बँकेसारखं त्यालाही कुलूप लागणार, हे आजोबांच्या ताटावर ठरणार होतं.

नजवाने सकाळपासून दगडी खलात मेंढीचं मटण आणि गव्हाचा दलिया कुटून किब्बे केलं होतं. परातीत थापून, शंकरपाळ्यांसारखे काप पाडून ते खरपूस भाजलं होतं. "हे माझ्या आईच्या हातचं आहे असं समजा, अम्मो," ती म्हणाली. "बाकीचं नाही आवडलं तरी चालेल, हे कसं झालंय तेवढं सांगा."

काटा उचलण्याआधी आजोबांनी कोटात हात घातला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हाताला सवय होती. पुढच्या क्षणी ते सोनेरी काप लालभडक झाले.

"चाखून तरी बघायचं होतंत," नजवा हळूच म्हणाली.

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी मोठा घास घेतला आणि म्हणाले, "झकास." पण त्यांच्या जिभेला लागले ती मीच.

"क्लाइव्ह, खाण्यासारखं असेल तर ती चपटी इकडे दे रे," बेरिलने हाक मारली. मग सगळ्यांनी किब्बे मागवलं, मी टेबलाटेबलावरून फिरले आणि रिकामी झाले. नजवा दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं.

हॉटेल मात्र धडाक्यात चाललं. महिन्याभरात प्रत्येक टेबलावर सॉसची लाल बाटली आली. "बघ, बसला ना तुझा जम!" लोक नजवाला म्हणायचे. ती हसायची, पण मनापासून नाही. आजोबांना ते दिसत होतं.

एका दुपारी ते हॅट हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "नजवा, पहिल्या दिवशीचं ते किब्बे पुन्हा करशील?"

"आता मशीनवरच करते, अम्मो. खल माळ्यावर टाकलाय. सॉसखाली काय फरक कळतो?"

"मला नाहीच कळला. मी चाखलंच नाही, आणि सगळ्यांसमोर झकास म्हणून खोटं बोललो. चुकलो पोरी."

नजवा बराच वेळ तेच टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "शुक्रवारी या. खल काढते. पण हिला घरी ठेवून या."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी घरी फळीवर असते. तेच माझ्यासाठी योग्य आहे. मित्रांनो, कुणी राबून केलेलं ताट समोर आलं, तर पहिला घास आहे तसा खा. नंतर माझ्यासारख्यांना खुशाल बोलवा. ते किब्बे कसं लागतं हे मला कधीच कळणार नाही. आजोबा मात्र शुक्रवारी जेवून आले की संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत, तोंडातली चव जाईल म्हणून.