मनगटावरची चापट

मी गोफण. मोर्शीजवळच्या एका संत्र्याच्या बागेत, मोटारपंपाच्या खोलीतल्या खिळ्यावर लटकते. मी तुमच्याशी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझं पोटच दगडासाठी विणलंय.

खुशालरावांनी मला अंबाडीच्या दोरीपासून विणलं. एक टोक बोटात अडकवायचं, दगड मधल्या झोळीत ठेवायचा, डोक्यावर गरगर फिरवायचं आणि दुसरं टोक सोडायचं. फट्! की झाडावरची वानरं पळतात. एवढंच माझं काम.

खुशालरावांनी आपल्या मुलाला, गोपालला, माझ्यावरच शिकवलं. नेम चुकला की मनगटावर चापट. "मनगट ढिलं सोड! लाकूड हाय काय?" त्यांच्या बापानेही त्यांना असंच मारलं होतं. ते हे हसत सांगत, जणू दागिना मिळाला होता. गोपाल नेम शिकला. दगड सोडताना डावा डोळा मिटायचा आणि दातांतून शिवी द्यायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तेही आलं, हुबेहूब.

वानरं काही कमी नाहीत. त्यांच्यात एक तुटक्या कानाची म्हातारी आहे. तो कान माझ्याच दगडाने गेला. मला त्याची लाज वाटत नाही. तिनेही आपल्या पोरांना शिकवलं: धोतर किंवा पँट दिसली की पळायचं, लुगडं किंवा ओढणी दिसली की बसून खायचं. कारण या घरात बाईने मला हात लावायचा नाही. नेम बिघडतो म्हणे! खुशालरावांची बायको पार्वताबाई काठी घेऊन आली की पिल्लंसुद्धा तिला दात दाखवत. एकदा त्या तुटक्या कानाच्या म्हातारीने पदर ओढून पार्वताबाईला पाडलं. वानरिणीच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू टक लावून पाहत होतं.

गोपालची मुलगी आरती नववीत आहे. ओढणीत कच्चं संत्रं घालून ती चोरून फिरवायची. आजोबांनी पाहिलं आणि चापट मारली. मनगटावरच. मुलाला शिकवायला मारली, हिला थांबवायला.

यंदा बाग चांगली लागली. व्यापारी दुपारी फळ पाहायला येणार होता, म्हणून गोपाल त्याला आणायला मोर्शीला गेला. नेमकी तेव्हाच वानरांची टोळी उतरली. अर्धवट खाल्लेली संत्री टपाटप पडू लागली. खुशालरावांनी मला उचललं, पण त्यांचा खांदा आता वर जात नाही. दगड त्यांच्याच पायाशी पडला. म्हातारी वानरीण जागची हलली नाही.

आरतीने माझं टोक धरलं.

"सोड थे! बाईमाणसानं हात नाई लावू!"

"आबा, तुमचा हात नाई उठत. वानरीले मालूम झालं, तुमालेच नाई."

चापट बसली. तिने टोक सोडलं नाही.

शेवटी मी तिच्या हातात आले. ती मला फिरवू लागली, तरी झाडावर कोणी हललं नाही. ओढणीवाली होती ना! आरतीचा डावा डोळा मिटला. दातांतून तीच शिवी निघाली. फट्!

दगड पिल्लाच्या पायाला लागला. ते किंचाळलं. म्हातारीने त्याला छातीशी धरलं, आरतीकडे नीट पाहून घेतलं आणि खोकल्यासारखा आवाज काढला. पाहता पाहता बाग रिकामी झाली.

"मनगट ढिलं सोड," आजोबा म्हणाले. बस, एवढंच.

बाग वाचली. आता पार्वताबाई नुसती बांधावर दिसली तरी वानरं चिंचेवर चढतात. लंगडं पिल्लू सगळ्यांच्या आधी. "आता काहून पयता? या ना, ओढा पदर!" ती ओरडते आणि हसत सुटते.

काल आरती धाकट्या बहिणीला, शालूला, शिकवत होती. शालूचा दगड भलतीकडे गेला. आरतीचा हात वर झाला. मी मनात म्हटलं, बाई, एवढी चापट तरी गाळ.

फट्!

तो आवाज माझा नव्हता.

माझा राग आला असेल तर मला चुलीत घाला. पण अंबाडी पुष्कळ आहे, दुसरी गोफण विणली जाईल. तुमच्यापैकी कोणी जवळ असाल तर तेवढा तो हात धरा.

शालूने मनगट चोळलं आणि दुसरा दगड उचलला. तिचा डावा डोळा आधीच मिटलेला होता.