माझ्या पात्यावरचे 'कै.'

मित्रांनो, जरा मान वर करा. तिकडे नव्हे, त्या पांढऱ्या, आवाज न करणाऱ्या नव्या पंख्यांकडे नव्हे. त्यांच्या पलीकडे, फळ्याच्या बरोबर वर, तपकिरी रंगाचा एक कुरकुरणारा पंखा दिसतो ना, तो मी. वजनाला भारी, वेगाला बेताचा. भिवंडीतल्या एका दत्तमंदिराच्या सेवा मंडळाच्या दालनात मी लटकतो. माझ्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांनी एकदा दोन जिवंत माणसांना कागदोपत्री मारून टाकले होते. घाबरू नका, दोघीही आज ठणठणीत आहेत. पण चूक माझ्या पात्यावरची होती, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचे पोट, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि पत्र्याची तीन पाती. तपासणाऱ्याने बटण दाबले, मी गरगर फिरलो आणि तो म्हणाला, "हा टिकेल." आयुष्यातली पहिली शाबासकी ती. पुढे २००१ साली ठाण्याचे कापड व्यापारी रामनाथशेठ यांनी मला विकत घेतले. ते मूळचे भिवंडीचे. त्यांची आई आनंदीबाई त्याच वर्षी वारली होती आणि आईच्या नावाने मंडळाला काहीतरी द्यावे असे त्यांच्या मनात होते. राघो पेंटरने मला जमिनीवर उताणे पाडले आणि ब्रश चालवला. पहिल्या पात्यावर 'कै. आनंदीबाई', दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर 'रामनाथ केसरीनाथ यांजकडून'.

मला तेव्हा केवढा ताठा चढला होता म्हणून सांगू! वर टांगल्यावर तो उतरला. मी फिरलो की अक्षरे दिसेनाशी होत, आणि अक्षरे दिसायची तर मी बंद पडायला हवा. काम आणि कौतुक एकाच वेळी माझ्या वाट्याला यायचे नव्हते.

मंडळ छोटे, पण चालवणारी माणसे चिवट. दर गुरुवारी आरती झाली की गरजू घरांना शिधा मिळे. तांदूळ, तूरडाळ, तेल, अंगाचा साबण. हे सगळे देणगीदारांच्या जिवावर. रांगेत खाडीकाठच्या गावांतल्या बायका असत, तशा यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या बायकाही असत. दत्ताच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला कुणी तिचा देव विचारत नसे. दुपारी याच दालनात मृणालीताई बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. ताई निवृत्त शिक्षिका होत्या. पगार घेत नसत आणि कारणेही ऐकून घेत नसत.

त्या वर्गात दाराजवळ बसायची ती हौसा भोईर. तिचा नवरा पंढरी खाडीतून रेती काढायचा. तो तापाचे निमित्त होऊन गेला, तेव्हा त्यांची दिपाली दहा वर्षांची होती. हौसा घरी कापडाचे तागे आणून त्यांवरचे सुटे धागे कापायची. बोटांना कात्रीचे घट्टे पडलेले, त्यामुळे खडू धरताना तिचा हात अवघडायचा. तिच्या शेजारी नूरी बसे. तिचा नवरा मुख्तार कारखान्यांतले माग दुरुस्त करायचा. दोघींची खुसखुस इतकी चाले की ताई दिवसातून दोनदा तरी डोळे वटारत.

तेव्हा भारनियमनाचा काळ होता. भरदुपारी वीज गेली की गल्लीतले सगळे माग थांबत आणि भिवंडी एकदम मुकी होई. मीही गरगरत गरगरत थांबे. बायका पदराने वारा घेत वर बघत, आणि वर बघितले की समोर अक्षरे! ताई हुशार. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि मलाच पाटी केले. "हे कुठलं अक्षर? त्या पात्यावरचं?" नूरीला तर तिचे अख्खे नाव माझ्या तिसऱ्या पात्यावर सापडले. 'यांजकडून' मधला न, त्याच्याच आधीचा ऊकार आणि 'केसरीनाथ' मधली री. त्या दिवशी ती टाळ्या पिटत नाचली होती. हौसाचा स माझ्याकडे होता, पण ह नव्हता. तो ताईंनी फळ्यावर शिकवला, आणि मला उगीचच वाईट वाटले.

अशी अडीच वर्षे गेली. हौसा अडखळत का होईना, वाचू लागली. मग ती दालनातले जे दिसेल ते वाचत सुटली. पाण्याच्या पिंपावर 'कै. पार्वतीबाई', माझ्यावर 'कै. आनंदीबाई', भिंतीवरच्या घड्याळावर 'श्री. मनोज'. तिने मनाशी हिशेब बांधला आणि नूरीच्या कानात सांगितला.

"बापयांच्या नावाम्होरं श्री. लावतात, आन् बायांच्या नावाम्होरं कै. बघ, समद्या बायांना कै. हाय."

नूरीने मान डोलावली. "हां. आमच्यात बेगम लावतात ना, तसंच असेल."

मी वरून ऐकत होतो. मला बोलता आले असते तर! पण पंख्याला कुरकुरण्यापलीकडे काय येते?

२००६ च्या मे महिन्यात मंडळाने एक योजना काढली. सातवी पास झालेल्या मुलींचा दहावीपर्यंतचा सगळा खर्च देणगीदार उचलणार होते. अट एकच, अर्ज आईने स्वतःच्या हाताने लिहायचा. मागे एका मध्यस्थाने बायकांचे अंगठे उठवून भलत्याच मुलींची नावे घुसवली होती, म्हणून ही अट. हौसाला हे कळले तेव्हा तिच्या डोळ्यांत चमक आली, कारण घरात वेगळेच शिजत होते. तिचा दीर धनेश वाईट नव्हता. दोन घरांचा भार ओढून तो मेटाकुटीला आला होता. त्याने वळ गावातल्या एका गोदामात दिपालीसाठी कामाचे बोलून ठेवले होते. दहा जूनपर्यंत शाळेची सोय झाली तर ठीक, नाहीतर अकराला पोरगी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला जाणार.

दिपाली तेव्हा खारबावला मामाकडे गेली होती. हौसाने अर्ज एकटीने लिहिला, इथेच, माझ्याखाली बसून. दोन दुपारी लागल्या. मृणालीताई "दाखव" म्हणाल्या तर तिने कागद छातीशी धरला. "आता न्हाय. पास झाला का मंग दावीन." तिने पाकीट स्वतः चिकटवले आणि देणगीदार समितीच्या ठाण्यातल्या कचेरीत पाठवून दिले. पुढचा आठवडाभर ती अशी चालत होती की जणू पायाखाली जमीनच नाही.

पाच जूनला अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता. 'अर्जदार व विद्यार्थिनी दोघीही मयत. अर्ज निकालात काढला.'

ताईंनी अर्ज उघडून वाचला. विद्यार्थिनी, कै. दिपाली. आई, कै. हौसा. आणि वडील मात्र श्री. पंढरी! ज्या घरात फक्त बाप गेला होता, त्या घरात कागदावर फक्त बापच जिवंत होता.

ताईंनी 'कै.' म्हणजे कैलासवासी, म्हणजे गेलेले माणूस, असे सांगितले तेव्हा हौसाने कागदावरचे ते अक्षर पुन्हा एकदा वाचले. तिने स्वतःच्याच हातावर फटका मारला. "ह्या हातानं लिवलं मी! माज्या पोरीला!" मग तिने वर, माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ती नजर मी विसरलेलो नाही. त्या क्षणी छतातून निखळून पडावे असे मला वाटले.

"आता वेळ नाही गं," ताई म्हणाल्या. "टपालाने पाठवला तरी दहाच्या आत निकाल यायचा नाही. पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या वरसाला पोर गोदामात आसंल," हौसा म्हणाली. तिने डोळे पुसले. "ती मोठी मानसं इथं कवा येतात?"

ती माणसे आठ तारखेला येणार होती. वर्षातून एकदा देणगीदारांची समिती दालनाला भेट देई. त्या दिवशी हौसा सगळ्यांच्या आधी येऊन दाराजवळच्या तिच्या जागेवर बसली. पदरात कोरा अर्ज आणि तो परत आलेला अर्ज. शेजारी नूरी.

उकाडा असा की भिंतींनाही घाम फुटावा. मी जीव तोडून फिरत होतो. समितीत रामनाथशेठ होते आणि घड्याळ देणारे मनोजराव होते. हारतुरे झाले, चहा झाला, आणि रामनाथशेठ वर बघून म्हणाले, "पंखा जरा बंद करा हो. आईचं नाव बघू दे."

बटण बंद झाले. मी थांबलो. दालनातली माणसे घामाघूम होऊन वर बघू लागली, आणि त्या शांततेत दाराजवळून एक आवाज आला. हौसा उभी राहून वाचत होती. एकेक अक्षर, न अडखळता.

"कै. आनंदीबाई. यांच्या स्मरणार्थ. रामनाथ केसरीनाथ यांजकडून."

शेठ चकित झाले. "वाचायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्या आयनं," हौसा म्हणाली. "लाइट गेली का ती दिसायची. पन येक गोस्ट तिनं उलटी शिकवली." तिने परत आलेला अर्ज पुढे धरला. "मना वाटलं कै. म्हंजी बाईमानूस. मी मेलेली न्हाय, शेठ. माजी पोर बी मेलेली न्हाय. दोन दिवसांत तिला शालेत न्हाय घातली तं ती गोदामात जाईल."

कुणीतरी फिस्सकन हसले. शेठ हसले नाहीत. मनोजराव मात्र म्हणाले, "एकदा निकालात काढलेला अर्ज पुन्हा उघडायचा नाही, असा ठराव आहे. आणि ही अक्षरं यांचीच आहेत कशावरून?"

"मंग इथंच लिवते," हौसा म्हणाली आणि खाली बसली. तिने कोरा अर्ज फरशीवर पसरला. नूरीने सांगण्याची वाट न बघता कागदाचे दोन कोपरे दाबून धरले. हौसाच्या कपाळावरचा घाम टपकन कागदावर पडला, शाई पसरली, तिने पदराने टिपले आणि पुन्हा लिहू लागली. आयुष्यात मला इतके फिरावेसे कधी वाटले नव्हते. रामनाथशेठनाही राहवेना. "अरे, पंखा लावा!"

"नको!" हौसा मान वर न करता म्हणाली. "कागुद उडंल."

आणि शेठ, ताई, मनोजराव, सगळे त्या उकाड्यात गुपचूप बसून राहिले.

अर्ज पुरा झाला. मनोजरावांनी चष्मा लावून तो वाचला. 'हौसा पंढरी भोईर.' 'दिपाली पंढरी भोईर.' त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "बाई, नावाआधी श्रीमती लिहा. रीत आहे ती."

"न्हाय," हौसा म्हणाली. "येकदा लावलं तं मेले. आता काय बी लावायची न्हाय."

आता सगळेच हसले, तीसुद्धा हसली. रामनाथशेठ मात्र माझ्या पहिल्या पात्याकडे बघत राहिले होते. "माझी आई अंगठा द्यायची," ते म्हणाले. "तिचं नाव लिहून कधी तिला दाखवलं नाही आम्ही. पहिल्यांदा लिहिलं ते हे. ती गेल्यावर." त्यांनी खिशातून पेन काढले आणि तिथल्या तिथे अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली. मनोजरावांनी खाली दुसरी सही केली. दिपाली त्या जूनमध्ये आठवीत बसली.

तुम्हाला वाटेल, यानंतर माझे दिवस पालटले असतील. कसले! दोन वर्षांनी माझ्या आतली तार जळली. कुणा दात्याने पांढरे पंखे दिले आणि मला अडगळीत टाकले. सोबतीला ते पार्वतीबाईंचे गळके पिंप. पालीने माझ्या पोटात अंडी घातली, पात्यांवर बोटभर धूळ साचली. मंडळ माणसांची काळजी घेई, पण वस्तूला विसरायला वेळ लागत नाही.

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने मला उचललेही होते. तेवढ्यात हौसा दारात आडवी उभी राहिली. "ठेव खाली. ह्यो माजा मास्तर हाय." मग नूरीने मुख्तारला बोलावून आणले. त्याने मला उघडून नवी तार भरली. "माग दुरुस्त करतो, तर पंखा काय चीज आहे!" असे म्हणत त्याने बटण दाबले. मी कुरकुरलो, पण फिरलो. हौसाने ओल्या फडक्याने माझी पाती पुसली आणि मला फळ्याच्या वर टांगायला लावले.

कारण आता त्या फळ्यापुढे खडू घेऊन तीच उभी राहते. मृणालीताईंचे गुडघे दुखतात, म्हणून दुपारचा वर्ग हौसा घेते. दिपाली यंदा दहावी पास झाली. तिच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव छापले आहे, आणि ते हौसाने स्वतः वाचले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हा वस्तूंना वापरा तसे जपाही. फडके फिरवा, तेल घाला, लगेच भंगारात देऊ नका. देणे देताना ते घेणाऱ्याकडे मान वर करून बघा, त्यालाही काही सांगायचे असते. आणि आज घरी गेल्यावर एका कागदावर आपल्या आईचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा. ती समोर असताना लिहा आणि तिच्याकडून वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकवा.

काल दुपारी वीज गेली, तेव्हा वर्गातल्या एका नव्या बाईने माझ्या पहिल्या पात्याकडे बोट केले. "हौसाबाय, ह्ये पयलं अक्षर कंचं?"

हौसाने वर पाहिले आणि हसली.

"त्ये समद्यांत शेवटी शिकवीन. त्याची कुनाला घाई न्हाय."

इतक्यात वीज आली, गल्लीतले माग खडखडू लागले, आणि मी ते अक्षर घेऊन जोराने फिरू लागलो.