लिलीचं गाव

“तुमचं मूळ गाव कोणतं?” वेणीमाधवांनी मोबाइलवर एका बोटाने टाइप केलं, सून बघत नाही ना याची खात्री केली आणि पाठवून दिलं.

सून बघतच होती. “बाबा, ते चीनमधले कारखानेवाले आहेत. त्यांना गाव काय विचारताय? कमीत कमी किती माल घ्यावा लागेल ते विचारा, सर्टिफिकेट मागा.”

“ते सगळं मागून झालं गं. सगळ्यांकडे सगळं आहे. तीच तर पंचाईत आहे.”

पंचाईत खरीच होती. सुनेने, तेजश्रीने, बँकेतली नोकरी सोडून नाशिकला इंदिरानगरच्या राहत्या फ्लॅटमधूनच धंदा मांडायला घेतला होता. गुलाबाच्या कळीला घालायच्या जाळ्यांचा धंदा. बोटाच्या टोपणासारखी पांढरी, ताणणारी जाळी असते. ती घातली की कळी घाईने उमलत नाही, आतल्या आत भरत राहते. या जाळ्या ती थेट चीनहून मागवणार होती, घाऊक मालाच्या एका ऑनलाइन बाजारातून. पहिलीच ऑर्डर होती. ती फसली असती तर धंदा उभा राहायच्या आधीच बसला असता, आणि बँकेची दारं तर तिने स्वतःच्या हाताने लावून घेतली होती. म्हणून पुरवठादार पारखायचं काम तिने सासऱ्यांकडे दिलं. सातपूरच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात, वेणीमाधवांनी उभी नोकरी याच कामात घालवली होती.

निवृत्तीनंतर घरात त्यांना विचारला जाणारा प्रश्न एकच उरला होता, ‘बाबा, चहा घेणार का?’ त्यामुळे ‘बाबा, हे तुम्हीच ठरवा’ असं तेजश्री म्हणाली तेव्हा त्यांना भारी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी स्वारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर हजर. आणि दुपारपर्यंत त्यांचं डोकं पार चक्रावून गेलं.

नोकरीत काम सोपं होतं. पुरवठादाराच्या शेडवर जायचं, मशीन चालू आहे का बघायचं, माणसं घामाघूम आहेत का बघायचं. फक्त माणूस मनाला पटेपर्यंत त्याचा चहा घ्यायचा नाही. हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. इथे कुठली शेड बघणार? प्रत्येकाच्या नावापुढे सोनेरी बिल्ला, प्रत्येकजण ‘तपासलेला’, प्रत्येकाला पाचच्या आसपास तारे. तीन निरनिराळ्या कंपन्यांनी एकाच फाटकाचा फोटो लावला होता. फाटकाशेजारची फुटकी कुंडीसुद्धा तीच.

“तिघंही खोटे असतील, नाहीतर तिघंही खरे असतील,” मुलगा मयुरेश म्हणाला आणि जेवायला बसला. वेणीमाधवांना मात्र घास गोड लागेना.

गाळत गाळत दोघं उरले. दोघांचेही नमुने मागवले. दिंडोरी रस्त्याला तेजश्रीच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं, प्रतिभाचं, गुलाबाचं पॉलिहाऊस होतं. तिने ते कळ्यांना लावून पाहिले आणि फोन केला.

“काका, दोन्ही बी जाळ्या सारख्याच बसत्यात. तुम्ही कोनती बी आना, पन टायमावर आना. फेब्रुवारीच्या मालाला जाळी नाय भेटली तं कळ्या फुटून जातील. लय नुसकान व्हईल बघा. तेजूताईच्या भरवशावर मी दुसऱ्या कुनाला सांगितलं बी नाय.”

म्हणजे नमुन्यानेही काही ठरेना. तेव्हा वेणीमाधवांना वडिलांची पद्धत आठवली. वडील रामकुंडावर तीर्थोपाध्याय होते, यजमानांच्या वंशावळींच्या वह्या ठेवायचे. यजमान आला की गाव, आडनाव, आजोबांचं नाव विचारायचे. कधी भाऊबंदकीच्या भांडणात दुसऱ्याच्या घराण्यात नाव घुसवायलाही माणसं येत. तशी शंका आली की वडील घाई करत नसत. दुपारी जेवणं झाल्यावर, सुपारी कातरता कातरता, तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारत. खरा माणूस आपलं गाव विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजवर नोकरीत कधी गरज पडली नव्हती, पण वेणीमाधवांनी आता तेच करायचं ठरवलं. मराठीत लिहिलं की तिकडे चिनीत उमटायचं, तिकडचं इकडे मराठीत.

पहिल्या कंपनीच्या मिस्टर चेन यांनी कळवलं, ‘हे वैयक्तिक आहे. कृपया ऑर्डरचे बोला.’

दुसऱ्या कंपनीतून लिली नावाची मुलगी बोलायची. तिने लगेच लिहिलं, ‘माझे गाव डोंगरात आहे, सर. संत्र्याच्या बागा आहेत. आई तिथे आहे, खूप दिवस भेट नाही. तुमचे गाव कोणते?’

वेणीमाधवांना बरं वाटलं. बोटं उत्तर द्यायला शिवशिवली. पण पारख संपेपर्यंत जवळीक नको, म्हणून त्यांनी खाली जाळीच्या लांबीबद्दल विचारलं.

आठवडाभराने, दुपारी, त्यांनी सहज टाकलं, ‘यंदा संत्री कशी आहेत तुमच्याकडे? आई बरी आहे ना?’

उत्तर आलं, ‘आमचे गाव समुद्रकाठी आहे, सर. संत्री नाहीत. आई मी लहान असतानाच वारली.’

वेणीमाधवांनी दोन्ही उत्तरं सुनेला दाखवली. मग म्हणाले, “ही नको.”

“अहो पण बाबा, जाळी चांगली आहे ना? मग तिची आई असेना का, नसेना का.”

“जी पोर जिवंत आईला मारते, ती मालाबद्दल खरं बोलेल?”

 ऑर्डर चेनना गेली. नाकारलेल्याला कारण लेखी कळवायचं, ही वेणीमाधवांची ऑफिसातली शिस्त. त्यांनी लिलीच्या कंपनीला लिहिलं, ‘आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या माहितीत विसंगती आढळल्याने आपला विचार करता येत नाही.’ वाक्य जुनंच होतं, हाताला सवयीचं.

माल वेळेवर आला आणि चोख निघाला. प्रतिभाने कळ्यांचे फोटो पाठवले, आणखी फुलवाले घेऊन आली. “आमच्या बाबांनी पारखलंय,” असं तेजश्री फोनवर ज्याला त्याला सांगू लागली. आतल्या खोलीत ते ऐकत वेणीमाधव वर्तमानपत्र धरून बसत आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत.

अशाच एका सकाळी मोबाइलवर व्हिडिओ कॉल वाजला. नाव लिली.

समोर आखूड केसांची मुलगी होती. तिच्यामागे मशीन खडखडत होतं, पांढऱ्या जाळ्यांचे ढीग होते आणि बायका घाम पुसत पिशव्या भरत होत्या. जे बघायला वेणीमाधव धडपडले होते ते सगळं तिथे होतं. ती चिनीत बोलली आणि मोबाइल सपाट आवाजात मराठी बोलू लागला.

“नमस्कार सर. मी लिली. आधी दुसरी लिली होती. या खुर्चीवर जी बसते ती लिली. सकाळी ती बसायची, दुपारनंतर मी. तुम्ही गाव विचारले. तिने तिचे सांगितले, मी माझे सांगितले. आजवर कोणी विचारले नव्हते, म्हणून आम्ही ठरवून ठेवले नव्हते.”

वेणीमाधवांनी सुनेकडे पाहिलं. तेजश्री ओट्यावरचं काम सोडून जवळ आली.

“तुमचे कारण साहेबांनी वाचले. गावाची गोष्ट आधी कोणत्या लिलीने सांगितली ते पाहिले. तिला काढले. ती गावी गेली.”

“मग… तिची आई?” वेणीमाधवांनी विचारलं.

 “भेटली असेल,” मोबाइल म्हणाला. आणि त्याच आवाजात पुढे, “पुढच्या हंगामात आमच्याकडून घ्याल का, सर?”

कॉल संपला. दाराशी बूट घालता घालता मयुरेशने सगळं ऐकलं होतं. “बाबा, मनावर घेऊ नका हो. सेल्सवाल्यांचे फंडे असतात हे. रडगाणं गायचं नि ऑर्डर काढायची.”

“असेलही,” तेजश्री म्हणाली. मग हळूच म्हणाली, “नसेलही.”

वेणीमाधवांना काहीच कळेना. खरं वाटावं तर शेवटी ऑर्डर मागितली. खोटं म्हणावं तर कोण कशाला एवढं रचेल? की दोन्ही एकदम असतं? वडील असते तर त्यांनी कुठला प्रश्न फिरवून विचारला असता? खोटी म्हणून आपण जिला हाकललं ती खरीच असेल तर?

त्यांनी जुने संदेश वर वर सरकवले. संत्र्याच्या बागांखाली तो प्रश्न अजून तसाच होता. ‘तुमचे गाव कोणते?’ त्याच्याखाली त्यांनी विचारलेली जाळीची लांबी.

त्यांनी एका बोटाने लिहायला घेतलं. ‘माझं गाव नाशिक. घर नदीजवळ होतं. वडील रामकुंडावर असत. आई माझी वाट बघत गेली, मला त्या दिवशी रजा घेता आली नाही.’ ते कोण वाचणार, याचा त्यांनी विचार केला. जी खुर्चीवर असेल ती. त्यांनी पाठवून दिलं.

“बाबा, चहा,” तेजश्रीने कप समोर ठेवला.

वेणीमाधवांचा हात कपापर्यंत गेला आणि मागे आला.

“राहू दे,” ते म्हणाले. “आज नको. माझीच पारख व्हायचीय अजून.”