रूपालीच्या नावाचं आयुध

बेळगुंदीच्या भरमा किणयेकराला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपल्या विळ्याचा आणि दुसरा आपल्या लेकीचा. विळ्याबद्दल तो कुणी विचारो न विचारो, बोलत सुटायचा. लेकीबद्दल बोलताना मात्र गेल्या खंडेनवमीपासून त्याची जीभ अडखळत होती. कारण त्याचा थोरला भाऊ, ज्याला घरात आणि गल्लीत सगळे अण्णाच म्हणत.

किणयेकरांच्या घरी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सोप्यात घोंगडं अंथरून आयुधं मांडतात. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, ते त्याच्या नावानं. आणि मांडताना नाव मोठ्यानं घ्यायचं: हा फाळ अण्णाचा, हा विळा भरमाचा. बाईमाणसाचं नाव त्या घोंगड्यावर कधी घेतलं गेलं नव्हतं. खुरपी बायकांच्या हातात झिजली, पण पूजेला ती पुरुषांच्याच नावानं लागली. रूपाली आयटीआय करून मच्छे गावातल्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनल जोडायला लागली, तेव्हा भरमानं ठरवलं की आता हिचं नाव घ्यायचंच. गेल्या वर्षी त्यानं तिच्या पिशवीतली पक्कड काढून मोठ्या रुबाबात मांडली. अण्णानं ती उचलली, उलटी केली आणि मुठीवरचा कारखान्याचा शिक्का सगळ्यांना दाखवला.

"उसनं आयुध पूजेला चालत न्हाय, भरमा. हे कारखान्याचं हाय, पोरीचं न्हाय."

बोलणं खोटं असतं तर भरमा भांडला असता. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. पक्कड पिशवीत परत गेली आणि लेकीचं नाव त्याच्या तोंडातच राहिलं.

त्यामुळे यंदा गणपती उठले आणि रूपाली म्हणाली, "आप्पा, मला कामाला स्वतःचा घडीचा कटर घ्यायचा हाय," तेव्हा भरमा जेवता जेवता उठला. कटर कशाला हवा, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. धुतलेला सदरा चढवला, टोपी झटकली आणि लेकीच्या गाडीवर मागं बसून बेळगावला निघाला.

खडेबाजारातल्या हत्यारांच्या दुकानात मालकानं बापाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि साहजिकच बापाशी बोलायला सुरुवात केली. लाकडी मुठीचा, वीतभर पात्याचा चाकू त्यानं काचेवर ठेवला. "छलो ऐतिरी, गौडरे," म्हणजे चांगला आहे, असं कानडीत कौतुकही केलं. कुणी गौडा, म्हणजे पाटील, म्हटलं की भरमा विरघळतोच. त्यानं बैल पारखावा तसा चाकू पारखला. वजन बघितलं, अंगठ्यानं धार बघितली, पात्यात आपल्या मिशा बघितल्या.

"घे गं ह्योच. बघणाऱ्यानं बघत ऱ्हायला पायजे."

"आप्पा, मला बघायला न्हाय, कापायला पायजे," रूपाली म्हणाली. तिनं खिशातून कामाचा हातमोजा काढला, उजव्या हातात चढवला आणि काउंटरवरचे कटर एकेक करून उघडायला लागली. मोजा घातलेल्या एका हातानं जो उघडेना, तो बाजूला. कारण दुसऱ्या हातात कायम केबल धरलेली. उघडल्यावर पातं काचेवर दाबून बघायची. ज्याचं लॉक जरा हललं, तोही बाजूला, कारण पातं मिटलं की बोटावर येतं. वीतभर पातं तर तिला नकोच होतं. केबलचं वरचं कातडं सोलायचं आणि आतल्या तारेला ओरखडा येऊ द्यायचा नाही, तर पातं आखूडच हवं. शेवटी हातात राहिला एक करड्या रंगाचा, बोटभर लांबीचा कटर. घडी केली की खिशात कळतही नव्हता. कमरेला अडकवायला क्लिप, आणि बोथट झालेलं पातं स्क्रू न काढता बदलता येत होतं.

"ह्यो?" भरमाचा चेहरा पडला. "अगं, घोंगड्यावर ठेवला तर दिसायचा बी न्हाय."

"मी कामाला घेतोय, आप्पा."

आमच्याकडं पोरी 'घेतोय' म्हणतात आणि घेतातही तशाच. तिनं आपल्या पगारातून तो घेतला, क्लिपनं पँटच्या खिशाला अडकवला आणि गाडीला किक मारली. सगळ्या वाटेत भरमाच्या डोळ्यांपुढं अण्णा येत होता. बोटभर कटर चिमटीत धरून गल्लीला दाखवणारा आणि मिशीत हसणारा अण्णा.

मग भरमानं करायचं ते केलं. पुढच्या बाजाराला भाजी घालायला म्हणून तो एकटाच बेळगावला गेला आणि तो वीतभर पात्याचा चाकू घेऊन आला. बायकोलाही सांगितलं नाही. कणगीमागं फडक्यात गुंडाळून ठेवला आणि रोज एकदा जाऊन बघून आला.

खंडेनवमीच्या सकाळी कारखान्यातही यंत्रांची पूजा होती, म्हणून रूपाली लवकर गेली. "मी आल्याशिवाय मांडू नका," असं सांगून गेली होती. पण अण्णा कुणासाठी थांबणारा नव्हता. घोंगडं पडलं. फाळ आला, कुऱ्हाड आली, भरमाचा विळा आला. झेंडूची फुलं वाहिली गेली. तेव्हा भरमानं फडकं सोडलं आणि चाकू घोंगड्यावर ठेवला. पातं असं लखलखलं की दारातली पोरं पुढं सरकली. भरमाची छाती सदऱ्यात मावेना. तो नाव घ्यायला तोंड उघडणार, एवढ्यात अण्णानं चाकू हातात घेतला. पात्यावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"दुकानातलं तेल हाय रं ह्याच्यावर अजून. ह्यानं काय कापलंय?"

भरमा हातातल्या फडक्याची घडी करायला लागला.

"कोरं आयुध पूजेला लागत न्हाय. बाबा काय सांगायचे? आधी राबायचं, मग पुजायचं. ईसरलास व्हय?"

भरमा विसरला होता. दिमाखाच्या नादात घरचा साधा नियम विसरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं नाव मोठं करायला निघालो आणि तिच्याच नावानं खोटं मांडलं, हे त्याच्या मनाला फार लागलं. आणि नेमकी तेव्हाच गाडी दारात थांबली.

रूपालीनं चाकू बघितला, बापाचं तोंड बघितलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती चिडली नाही. पाय धुऊन आत आली आणि खिशाचा कटर काढून अण्णापुढं धरला.

"अण्णा, माझं ह्ये हाय."

अण्णानं चाकू बाजूला ठेवून तो घेतला. मुठीवर टेपचा डिंक बसून काळा झाला होता. जिथं अंगठा टेकतो तिथला करडा रंग उडून आतला पत्रा दिसत होता. अण्णाला तो उघडेना. रूपालीनं एका हातानं उघडून दिला.

"पातं नवं दिसतंय," अण्णा संशयानं म्हणाला.

"काल बदललं. आदलं झिजलं."

"कशानं?"

"केबल सोलून. गेल्या आठवड्यात पाण्याच्या मोटरांची पॅनलं कारखान्यातनं गिऱ्हाइकाकडं गेली. त्यातली जोडणी माझ्या हातची हाय."

अण्णानं कटर पुन्हा उलटासुलटा केला. शिक्का शोधत असावा. शिक्का नव्हता. मग त्या हेकट माणसानं आपला फाळ चार बोटं बाजूला सरकवला आणि विळ्याच्या शेजारी जागा केली. स्वतः मात्र कटर ठेवला नाही. तो भरमाच्या हातात दिला.

"नाव तू घे. लेक तुझी हाय."

भरमानं कटर ठेवला. हळदकुंकू वाहिलं. आणि मग तो असा ओरडला की वळचणीतली कबुतरं उडाली आणि समोरच्या घरातल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

"ह्ये आयुध रूपाली भरमा किणयेकर हिचं!"

त्याची बायको मालुबाई आतून नैवेद्याचं ताट घेऊन येत होती. तिनं डोळ्याला पदर लावला खरा, पण नवऱ्याला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "एवढं वरडाय देव काय बहिरा हाय?"

"देवाला कोण सांगतंय?" भरमा म्हणाला. "गल्लीला सांगतोय."