बोलणं संपलेलं नाही

वेल्डरच्या धाकट्या मुलीला शाळेत सगळे अडकित्ता म्हणत. बोलताना ती अडकायची म्हणून. 'स' आणि 'म' ही दोन अक्षरं तोंडाशी आली की पुष्कळदा हलायचं नाव घ्यायची नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस एक तर खाली बघायचा, नाही तर तिचा शब्द आपणच पुरा करून मोकळा व्हायचा. शब्द पुरा करणाऱ्यांचा तिला जास्त राग यायचा. "अडकित्ता अडकत नाही, तुकडे पाडतो," असं तिने एकदा एका मुलाला ऐकवलं होतं, आणि ते वाक्य नेमकं एका दमात बाहेर पडलं होतं. त्यानंतर नाव राहिलं, पण चिडवणं कमी झालं.

त्या वर्षी गावाच्या युवा मंडळाने तिला अध्यक्ष निवडलं. कारण साधं होतं. मंडळाची रोपवाटिका उन्हाने करपायला लागली तेव्हा सुट्टीतही रोज पाणी घालायला ती हजर असायची, आणि पाळी असून जो आला नाही त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. काही न बोलता. तिचं ते नुसतं उभं राहणं लोकांना भाषणापेक्षा भारी पडायचं. आळशी मुलंही चपला शोधायला लागायची.

मंडळाची खोली दूध संकलन केंद्राच्या मागे होती. फरशी कायम ओली, भिंतीला टेकवल्याशिवाय उभी न राहणारी एक प्लास्टिकची खुर्ची, आणि बाहेर कॅन आपटल्याचा आवाज. मंडळाचे मार्गदर्शक म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळेच काका म्हणत. माणूस वाईट नव्हता. स्पर्धा असली की स्वतःची जीप काढायचे, मुलांना खाऊ-पिऊ घालायचे. फक्त आपण म्हणू ती पूर्व दिशा, एवढी एक सवय त्यांना होती.

त्या दिवशी काका उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात विभागीय मेळावा आहे. जनावरं पारखण्याची स्पर्धा, बियाणं ओळखण्याची, वक्तृत्वाची, आणि सगळ्यात मानाची म्हणजे सभा चालवण्याची. त्या स्पर्धेत संघ मंचावर बसतो, परीक्षक ऐनवेळी एक विषय देतात, आणि ठरलेल्या वेळात चर्चा, ठराव, मतदान सगळं रीतसर उरकायचं असतं. मेळाव्याच्या पुढच्या आठवड्यात नेतृत्व शिबिर. त्याला दर मंडळामागे एक जागा, मंडळाच्या अध्यक्षाची.

"सभेच्या स्पर्धेत अध्यक्षाच्या खुर्चीवर आपला रेडिओ बसेल," काका म्हणाले.

रेडिओ हा त्यांचा पुतण्या, मंडळाचा उपाध्यक्ष. एकदा बोलायला लागला की त्याला बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे, म्हणून रेडिओ.

"का?" तिने विचारलं.

"अगं, वेळ मोजून असतो. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. चारचौघांत तुझं हसं झालेलं मला बघवणार नाही."

"मग तुम्ही बघू नका."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा उतरला. तिने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. "काका, हा स... स... सल्ला आहे, की ठराव?"

"ठराव कसला? मी मार्गदर्शक आहे तुमचा!"

"हो. पण ठराव आम्हीच मांडायचा असतो. तुम्हीच शिकवलंय."

सुताराची मुलगी मंडळाची चिटणीस होती. ती ताडकन उठली. "मी मांडते. मंडळाने निवडलेल्या अध्यक्षांनीच स्पर्धेतही अध्यक्ष व्हावं." मागून अनुमोदन आलं. हात वर झाले. विरोधात जेमतेम दोन-तीन, तेही काकांकडे बघून. रेडिओने हात वर केलाच नाही.

"मी तटस्थ," तो म्हणाला.

"अरे गाढवा, तुझ्याबद्दलच चाललंय!" काका म्हणाले.

"म्हणूनच तर तटस्थ."

आता निकाल जाहीर करायचा होता. 'ठराव मंजूर' म्हणायचं होतं. तिने शब्द तोंडात घेतला, त्याचं वजन ओळखलं, आणि झटकन म्हणाली, "ठराव पास." टाळ्या पडल्या. ती जिंकली होती; पण घरी जाताना तिला आपण पळ काढल्यासारखं वाटत राहिलं.

बोलण्यातली ही अडखळ तिला बापाकडून आली होती. त्याने धंदाच असा निवडला होता की जिथे बोलायची गरज पडत नाही. ग्राइंडर सुरू असला की गिऱ्हाईकसुद्धा खुणांनी बोलतं. भाव ठरवायला, उधारी मागायला, भांडायला तिची आई होती. संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा बाबा गोठ्याच्या फाटकाला बिजागरी जोडत होते आणि आई शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होती. तिने झालेलं सगळं सांगितलं. बाबांनी तोंडावरची काच वर केली.

"क... कशाला पडतेस त्यात? म... मी गप्प राहून दिवस काढले. काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही," आई म्हणाली. "माझा घसा तेवढा बसला, दोघांच्या वाटचं बोलून."

मुलगी हसली नाही. "बाबा, तुमचं निभावलं. माझं नाही निभायचं. मला बोलायचंय."

बाबांनी काच खाली ओढली आणि ठिणग्या उडायला लागल्या. त्यांना राग आला, की वाईट वाटलं, ते काचेमागे काही दिसलं नाही.

सराव सुरू झाला. सुताराच्या मुलीने मैत्रिणीच्या मायेने एक तोड काढली होती. "हे बघ, 'सभा' नको, 'बैठक' म्हण. 'सदस्य' नको, 'आपण' म्हण. 'मंजूर'च्या जागी 'पास' तर तू म्हणतेसच. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिला ही युक्ती नवी नव्हती. लहानपणापासून ती हेच करत आली होती. साबण आणायला दुकानात गेलेली मुलगी काड्यापेटी घेऊन परत यायची, आणि आईचा मार खायची. पण 'साबण' म्हणायची नाही. तिच्या बोलण्यात असे कितीतरी बदली कामगार होते. खरे शब्द घरीच बसलेले.

"नाही," ती म्हणाली. "स... सभा ती सभा. म... मंजूर ते मंजूर. मी अध्यक्ष आहे, आणि मला ते शब्द हवेत."

"अगं, गुण कापतील."

"कापू देत."

रेडिओला सरावात आडमुठ्या सदस्याचं काम दिलं होतं. ते त्याने फार मनावर घेतलं. विषय रोपवाटिकेचा असो की गटाराचा, तो उठायचा आणि आपल्या आत्याच्या लग्नापासून सुरुवात करायचा. पहिले दोन दिवस तिला त्याला थांबवताच येईना. तिचा 'स' सुटेपर्यंत तो आत्याच्या सासरी पोचलेला असायचा. तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर तळहात आपटला, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि शांतपणे, अडखळत, एकही अक्षर न गाळता म्हणाली, "स... स... सदस्यांनी खाली बसावं." तो बसला. स्वतःच चकित होऊन म्हणाला, "आयला, बसलोच मी!"

मेळावा एका मोठ्या पत्र्याच्या गोदामात होता. एका बाजूला वासरं हंबरत होती, दुसऱ्या बाजूला मंच. तीन परीक्षक, आणि त्यांच्याजवळ घड्याळ नि घंटा घेऊन बसलेल्या एक बाई. संघाला विषय मिळाला: गावच्या मैदानाच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड बांधू द्यावी का?

ती खुर्चीवर बसली. "स... स..." गोदामात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतला एक मुलगा शेजाऱ्याच्या कानाला लागला. "सभा सुरू झाली असं मी जाहीर करते."

मग तिच्या संघातले सगळे कामाला लागले. कुणी शेडच्या बाजूने, कुणी विरोधात. रेडिओ इथेही सुटलाच. ती नुसती त्याच्याकडे वळली आणि तो वाक्य तोडून खाली बसला. प्रेक्षकांत हशा पिकला, पण तो तिच्या बाजूचा हशा होता. शेवटी सुताराच्या मुलीने दुरुस्ती सुचवली की शेड बांधावी, पण मैदानाबाहेर, रस्त्याकडच्या पडीक जागेत. मतदान झालं. आता निकाल.

"दुरुस्तीसह हा ठराव म..."

ओठ मिटले ते मिटलेच. आत शब्द तयार होता, पूर्ण, धडधाकट. फक्त दार उघडत नव्हतं. मान आखडली. 'पास' हा शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभा होता, पाळलेल्या कुत्र्यासारखा. तिने त्याला हाकललं.

घंटा वाजली.

"ठीक आहे, समजलं आम्हाला," मधले परीक्षक म्हणाले. "वेळ संपली. या आता."

तिने तळहात वर केला. डोळे उघडले. "वेळ संपली असेल. बोलणं संपलेलं नाही."

कुणीतरी हसायला सुरुवात केली, पण त्याला साथ मिळाली नाही. घंटेवाल्या बाईंनी घंटा पुन्हा उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. मुलगी घाई न करता उभी राहिली, श्वास घेतला, ओठ पुन्हा मिटले, थरथरले.

"मंजूर," ती म्हणाली. "आणि स... सभा संपली असं मी जाहीर करते."

निकाल लागला तेव्हा संघ शेवटून दुसरा आला होता. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तयारी उत्तम होती. पुढच्या वेळी फक्त अध्यक्ष बदला." तिने ते ऐकून घेतलं. रडू आलं, ते तिने नाक शिंकरायच्या निमित्ताने रुमालात उरकलं. सुताराची मुलगी मात्र उघड रडत होती, आणि रेडिओला आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचत नव्हतं.

बाहेर जीपपाशी काका थांबले होते. "झालं समाधान? मी सांगत होतो. आता शिबिराला तरी शहाणपणा करू. रेडिओ जाईल."

"मला कुणी विचारलंय का?" रेडिओ म्हणाला. "तिथं भल्या पहाटे उठवतात."

"तू मध्ये बोलू नकोस."

"शिबिराची जागा अध्यक्षाची आहे," ती म्हणाली. "मी हरलेय. मला कुणी काढलेलं नाही."

"हरल्यावरही एवढी ऐट?"

"मग काय वाकून चालू?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना गोदामाच्या दारात तिचे बाबा दिसले. ते येणार आहेत हे तिलाही माहीत नव्हतं. दुकान बंद ठेवून, अंगावरच्या काळ्या डागांच्या कपड्यांनिशी, ते सगळा वेळ मागच्या भिंतीशी उभे होते. काका त्यांच्याकडे गेले. "बरं झालं आलात. तुम्ही तरी समजवा पोरीला. बापाचं ऐकेल ती."

मुलं जमली होती, दुसऱ्या मंडळांची माणसं जमली होती, एक जण वासरू घेऊन मध्येच उभा होता. बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. गळ्याची शीर ताठ झाली. काकांनी मदतीच्या भावनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हो, हो, कळलं मला. तुम्हालाही तेच वाटतंय, की..."

बाबांनी मान हलवली. नाही. काकांचा हात त्यांनी हळूच खांद्यावरून काढला. मुलगी जागची हलली नाही, एक शब्दही पुढे केला नाही. तिला ठाऊक होतं की त्यांना तेवढा वेळ हवा आहे.

"म... माझी म... मुलगी," बाबा म्हणाले, "शिबिराला जाणार. आणि प... पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर तीच बसणार. दु... दुसरं काही असेल तर बोला."

"माझं काय जातंय," असं पुटपुटत काकांनी जीपचं दार उघडलं. पुढे बरेच दिवस ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की वेल्डरच्या घरात सगळेच हट्टी आहेत. आईने ते ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "उशिरा कळलं त्यांना."

ती शिबिराला गेली. नदीकाठच्या माळावर निरनिराळ्या गावांची मुलं-मुली आली होती. पहिल्याच दुपारी तिथल्या तरुण संयोजकाने कामं वाटली: मुलांनी तंबू उभारायचे, मुलींनी स्वयंपाकाकडे बघायचं. तिने हात वर केला. पहिल्याच अक्षरावर ती अडकलेली पाहून तो मऊ आवाजात म्हणाला, "लिहून दिलंस तरी चालेल हं."

"बोलूनच स... सांगते. तुम्ही थांबा."

तो थांबला. सगळेच थांबले. नेतृत्व शिकायला आलो आहोत तर बटाटे सोलायचं नेतृत्व मुलांनाही शिकायला मिळायला हवं, असं ती म्हणाली. म्हणायला पुष्कळ वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या मुलींनी सुऱ्या खाली ठेवल्या होत्या.

त्या संध्याकाळी मुलांनी सोललेल्या बटाट्यांत बटाटा कमी आणि साली जास्त निघाल्या. मुलींनी उभारलेला तंबू वाऱ्याने कोसळला, तोही तिच्या अंगावर. मुलांना हसायला आयतंच निमित्त मिळालं. "बघा, म्हणूनच सांगत होतो," एक जण पोट धरून हसत म्हणाला. ती कापडाखालून सरपटत बाहेर आली, केसांतली माती झटकली, आणि त्याच्या हातातला हातोडा मागून घेतला. मग गुडघ्यांवर बसून तिने खुंट्या उपटल्या आणि एकेक करून पुन्हा ठोकायला घेतल्या, या वेळी आणखी खोल.